मौद्यापुढची दुपार

मे महिन्यात नागपूरला निघाले आहे म्हटल्यावर चिपळुणातल्या झाडून सगळ्यांनी मला ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायला सांगितलं. कुणी म्हणालं पर्समध्ये, कुणी म्हणालं रुमालात बांधून. त्यांच्यापैकी उन्हाळ्यात नागपूरला गेलेलं एकही माणूस नव्हतं. मीही गेले नव्हते. आता जाऊन आले आहे, म्हणून जे गेले नाहीत त्यांना सांगते : कांदा खुशाल न्या, पण त्या उन्हात अंगावर काटा येतो त्यावर कांद्याचा उपयोग नाही. आमच्या कोकणात भीती असते ती काळोखातली, ओल्या झाडांखालची. डोळ्यांत खुपेल इतक्या उजेडात, भर दुपारी माणूस घाबरू शकतं, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

मी नर्सिंग शिकवते. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, त्याचा श्वास कसा सुरू करायचा, हे नर्सना आणि आशाताईंना शिकवणं हे गेली काही वर्षं माझं मुख्य काम. त्यासाठी नेपाळातल्या डोंगरगावांत राहून आले, टांझानियात जाऊन आले. दरवेळी सोबत तीच बाहुली. रबराची आहे, पण आत पाणी भरलं की नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या वजनाची होते आणि मान तशीच मागे टाकते. तिच्या अंगातून एक बारीक नळी निघते आणि नळीच्या टोकाला रबरी गोळा असतो. तो शिकवणारीच्या मुठीत. दाबला की बाहुली रडते. शिकणारीनं चेहऱ्यावर मास्क नीट बसवून त्याला जोडलेली रबरी पिशवी दाबून हवा बरोबर दिली, तर मी गोळा दाबायचा. नाही तर नाही.

गाडीत ही बाहुली माझ्या हातातल्या बॅगेत होती आणि चेन अर्धवट उघडी राहिल्यामुळे तिचा एक पाय बाहेर आला होता. समोरच्या बाकावर वर्ध्याला उतरणाऱ्या एक बाई डबा खात होत्या. त्यांचा घास हातातच राहिला.

"ताई, लेकरू उठलं वाटते," त्या म्हणाल्या.

मी हसून बाहुली काढून दाखवली, काम सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "झाकून ठेवा जी," एवढंच म्हणाल्या. मी बाहुली आत ठेवून चेन ओढली, तशी त्या पुढे झुकल्या. "पूर्ण नका लावू. जरा फट राहू द्या."

मी चेन थोडी मागे घेतली. फट ठेवली.

इतवारी, जरीपटका

मला घ्यायला रजनी मेश्राम येणार होती. मौद्याच्या पुढे एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे. प्रशिक्षण तिच्याच उपकेंद्रात होतं. खरं तर अशी शिबिरं तालुक्याच्या ठिकाणी किंवा शहरात होतात. पण रजनीनं वरिष्ठांमागे लागून ते आपल्याकडे मागून घेतलं होतं. फोनवर दोन-तीनदा बोलणं झाल्यामुळे मला वाटलं, आवाजावरून मुलगी ओळखेन.

स्टेशनबाहेर आले आणि थांबले. स्कूटींवर बायका बसल्या होत्या आणि एकीलाही चेहरा नव्हता. प्रत्येकीनं पांढरा दुपट्टा डोक्यापासून मानेपर्यंत गच्च गुंडाळलेला, वर गॉगल. हातात कोपरापर्यंत मोजे. त्या माझ्याकडे बघत होत्या की नाही तेही कळत नव्हतं. त्यातल्या एकीनं हात वर केला.

"मॅडम, मी रजनी."

तिनं डिकीतून दुसरा दुपट्टा काढला आणि रस्त्यातच मलाही तसंच गुंडाळून टाकलं. "इथे उन्हाले चेहरा दाखवाचा नाही." मागे बसल्यावर आरशात पाहिलं, तर दोन पांढरी डोकी दिसली. त्यातलं माझं कुठलं, हे कळायला मला मान हलवावी लागली.

आधी इतवारीत गेलो. बाळ पुसायला आणि गुंडाळायला मऊ सुती कापड लागतं, ते तिथल्या ठोक बाजारात चांगलं मिळतं. हातगाड्या, टेम्पो, त्यांच्यामधून अंग चोरत जाणारी माणसं, वर दुकानांच्या ताडपत्र्या. आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत एवढी गर्दी असती तर कालव्यानं कान किटले असते. इथे बाराच्या सुमाराला सगळं हलत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. ऊन जणू आवाज पिऊन टाकत होतं.

"किती लेकरांचं करू?" दुकानदारानं गज हातात घेत विचारलं.

"एकाचं," रजनी म्हणाली. मग एकदम दचकून, "नाही नाही. पूर्ण थान द्या, अख्खा ताकाच. पिवळं द्या."

जेवायला तिनं जरीपटक्याला आपल्या घरी नेलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दाराशी वाळ्याचा पडदा लावलेला कूलर. तिची आई एकटीच घरी होती. त्यांनी वडाभात केला होता : मोकळ्या भातावर डाळींचे खरपूस वडे कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची, लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. आम्ही भातावर तूप घेतो तसं हे लोक तेल घेतात, आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

"माह्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तेव्हाच म्हनलं होतं का या घरातल्या पोरी शिकतीन," आई सांगत होत्या. "ही नर्स झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले आम्ही."

रजनी हात धुवायला मागे गेली, तशी त्यांनी आवाज उतरवला. "मॅडम, तिले जरा समजवा. तिकडं क्वार्टर भेटलं आहे, पण दिवाळीपासून तिथं राहत नाही. रोज एवढं जाणं-येणं करते. आन् झोपेत दोनी हातानं काहीतरी चोळत राहते. उशी चोळते, चादर चोळते. उठवलं तर म्हणते, काही नाही."

रजनी परत आली आणि त्यांनी मला आणखी एक वडा वाढला.

उपकेंद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं निघालो. मौद्याजवळ वीजकेंद्राच्या चिमण्या लागल्या. सपाट प्रदेशात त्या इतक्या लांबून दिसतात की आपण पुढे जातो आहोत की नाही हेच कळेनासं होतं. आमच्याकडे प्रत्येक वळणावर डोंगर देखावा बदलतो. इथे अर्धा तास झाला तरी चिमण्या होत्या तिथेच, वर पांढऱ्या वाफेचा न हलणारा ढग.

उपकेंद्र गावाच्या टोकाला, नवं, गुलाबी रंगाचं. समोर कडुलिंब. आसपासच्या उपकेंद्रांतल्या नर्स आणि आशाताई स्कूटींवरून येत होत्या, दुपट्टे सोडून चेहरे बाहेर काढत होत्या, आणि मग कुठे एकमेकींना ओळखून हसत होत्या. गावातल्या आशाताई कुंदाबाई, चाळिशीच्या, बोलक्या, सगळ्यांना मठ्ठा देत होत्या.

मी म्हटलं, सराव प्रसूतीच्या खोलीतच करू, तिथलं टेबल उंचीला बरं. रजनीनं किल्ली शोधायला फार वेळ लावला. ती तिच्याच गळ्यातल्या नाडीत होती.

खोली इतकी स्वच्छ होती की मला कसंतरीच वाटलं. चालू दवाखान्यात कुठेतरी एखादा डाग असतो, वापरलेल्या साबणाची वडी असते. इथे टेबलावरच्या रेक्झिनला एक सुरकुती नव्हती. बाळांसाठीची पिशवी आणि मास्क भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले, पुसून चकचकीत.

"इथं बाळंतपणं होत नाहीत?" मी विचारलं.

"आता मौद्याले जातात," रजनी म्हणाली.

शिकवायला सुरुवात केली. बाळ कोरडं करा, पाठ चोळा, तोंड साफ करा. तरी श्वास नाही, तर वाट पाहू नका, फोन करत बसू नका, मास्क लावा. तोंडानं मोजत राहा म्हणजे घाई होत नाही : श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन. बायका हसत-लाजत बाहुली हाताळू लागल्या. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं, सगळ्यांत मागे, दाराजवळच्या बाकावर एक बाई बसली आहे आणि तिनं दुपट्टा सोडलेला नाही. गॉगल नव्हता, फक्त डोळे. बाकीच्या उठून टेबलापाशी येत, ती येत नव्हती. पण मांडीवरचे तिचे हात हलत होते. डावा हात मास्क धरल्यासारखा, उजवा पिशवी दाबल्यासारखा. आणि ते बरोबर हलत होते.

मधल्या सुट्टीत मी कुंदाबाईंना विचारलं, "ती मागे बसलेली बाई कुठल्या गावची?"

कुंदाबाईंनी सरळ त्या बाकाकडे पाहिलं. ती तिथेच होती.

"मागं कोन आहे जी?" त्या म्हणाल्या, आणि ग्लास गोळा करायला निघून गेल्या.

मी रजनीकडे वळले. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून तिनं एकदाही दाराच्या बाजूला नजर टाकलेली नव्हती. मी फळ्यापाशी गेले तरी ती बसल्या जागी अशी वळायची की दार पाठीशी येईल.

जेवायला ती बाई नव्हती. संध्याकाळी सगळ्या निघाल्यावर मी बाहुलीतलं पाणी काढत होते, तेव्हा दारातून आवाज आला.

"मॅडम, एकटंच कोणी असलं तर?"

दारात पांढरा दुपट्टा, खाली सैल गाऊन. "म्हणजे?" मी म्हटलं. "मदतीला दुसरं कोणी नसेल तर? तरी एकटीनं करता येतं. म्हणून तर सराव करायचा. तुमचं नाव..."

मी बाहुली ठेवून बाहेर आले तोवर व्हरांडा रिकामा होता. पुढचं मैदान मोकळं, दूरपर्यंत सपाट. एवढ्यात ती कुठे गेली असेल हे मला समजेना.

दुपार

दुसऱ्या दिवशी उन्हानं कहर केला. जेवणं झाल्यावर बायका पुढच्या खोलीत कूलरसमोर आडव्या झाल्या. या भागात दुपारी बारा ते चार कोणी बाहेर पडत नाही, कुत्रीही नाहीत. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. प्रसूतीच्या खोलीला रजनीनं कुलूप लावलं होतं. बाहुली आत टेबलावर होती.

मला झोप लागत नव्हती. भिंतीला पाठ टेकून बसले होते. आणि भिंतीतून आवाज आला.

फस्स. थांबा. फस्स. थांबा.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. पिशवी दाबल्याचा आणि ती परत फुगल्याचा. लय बरोबर होती. कुलूपबंद खोलीत कोणीतरी श्वास देत होतं.

मी रजनीकडे पाहिलं. ती जागी होती. डोळे उघडे, छताकडे. तीही ऐकत होती.

"किल्ली दे," मी म्हटलं.

तिनं नाडी गळ्यातून काढून दिली. उठली नाही. "मी नाही येत, मॅडम," एवढंच पुटपुटली.

मी गेले. कुलपाला हात लावला तर ते तापलेलं. दार उघडेपर्यंत आवाज थांबला होता. आत कोणी नव्हतं. पडदे ओढलेले, कोपऱ्यात कपाट, पिवळट उजेड. बाहुली मी ठेवली होती तशी नव्हती. तिला इतवारीच्या पिवळ्या कापडात गुंडाळलं होतं, घट्ट नाही, सैल नाही, बाळंतपणं पाहिलेल्या घरात गुंडाळतात तसं. मी तिला उचललं. नागपूरच्या त्या उन्हात आतलं पाणी तापून ती बरोबर अंगाएवढी गरम झाली होती. इतक्या वर्षांत माझ्या हाताला ती कधी जिवंत लागली नव्हती.

कापड बाजूला केलं. कपाळावर कडेला काजळाची तीट होती.

मी ती पुसली नाही. का ते सांगता येत नाही. बाहुली तशीच ठेवली, बाहेर आले आणि दार लावलं.

संध्याकाळी परतताना जीपमध्ये पुढे चालक, मागे आम्ही दोघी. मी काही विचारायच्या आधीच रजनी बोलायला लागली. चिमण्यांकडे बघत, सपाट आवाजात.

"दिवाळीच्या आधी एक पहिलटकरीण आली होती. मी एकटीच होती. ॲम्बुलन्स सांगितली होती, ती दुसरीकडे अडकली. बाळ झालं, पण रडलं नाही. मी पाठ चोळली. चोळतच राहिली. पिशवी होती, मॅडम. पॅकिंगमध्ये होती. ट्रेनिंग झालंच नव्हतं. मले वाटलं, चुकीचं काही केलं आन् काही झालं तर? म्हणून चोळत राहिली. गाडी आली तेव्हा..." ती थांबली. "त्यानंतर इथे कोणी येत नाही. खोली मी रोज पुसते. तुमाले म्हणून बोलावलं."

"आणि ती बाई?"

"गावातच आहे," रजनी म्हणाली आणि दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी परीक्षा असते. प्रत्येकीनं एकटीनं, सगळ्यांसमोर बाहुलीचा श्वास सुरू करायचा. सकाळी मला बाहुलीच्या कपाळावरची तीट सगळ्यांना दिसली असेल, कोणीतरी विचारेल, असं वाटलं होतं. कोणीही विचारलं नाही. उलट एकीच्या हातून ती जराशी पुसली गेली, तर तिनं जीभ चावली.

मागच्या बाकावर ती होतीच.

एकेक जण पार पडली. काहींचा मास्क निसटला, काही मोजायला विसरल्या, पण शेवटी सगळ्यांची छाती उठली, म्हणजे बाहुलीची, आणि मी गोळा दाबून तिला रडवलं. टाळ्या वाजत होत्या. शेवटची पाळी रजनीची.

तिनं बाळ पुसलं. पाठ चोळली. छान चोळली. पुढचं करायचं सोडून ती पाठच चोळत राहिली.

"रजनी, मास्क," मी हळूच म्हटलं.

तिनं मास्क घेतला. तो नीट टेकलाच नाही, बाहुलीच्या गालावरून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. पिशवी खाली पडली आणि टेबलाखाली गेली.

"माह्याच्यानं नाही होत, मॅडम."

आणि मागचा बाक कुरकुरला.

ती उठून चालत पुढे आली. येताना दुपट्ट्याचं टोक सोडलं आणि एकेक फेरा उलगडत गेली. त्याला बराच वेळ लागला. आत काय निघणार म्हणून मी श्वास धरला होता. निघाला तो अगदी साधा, गोल, घामेजलेला चेहरा. पंचविशीची मुलगी, नाकात खडा. दुपट्टा समोरून गेल्यावर दिसलं की तिला दिवस गेले आहेत. पाचवा तरी असावा.

"वैशाली, बस वं," कुंदाबाई म्हणाल्या. "काहून उठली?"

वैशालीनं वाकून पिशवी उचलली, दुपट्ट्यानं पुसली आणि टेबलाच्या पलीकडे, रजनीच्या समोर उभी राहिली. कोणी सांगायची गरज नव्हती. रजनीच्या तोंडाकडे पाहिल्यावर ती कोण हे मला कळलं. त्या दोघी दिवाळीपासून समोरासमोर आल्या नव्हत्या.

"घ्या, सिस्टर," वैशाली म्हणाली. "मी मोजते."

रजनीनं पिशवी घेतली. मग वैशाली माझ्याकडे वळली. माझी मूठ तिनं बरोबर हेरली होती.

"मॅडम, लवकर नका रडवू. माह्या लेकरासारखं होऊ द्या."

मी मान हलवली.

"श्वास," वैशाली म्हणाली. "दोन. तीन. श्वास. दोन. तीन." मग थांबली. "छाती उठून नाही राहिली, सिस्टर."

रजनीनं मास्क काढला. बाहुलीचं डोकं किंचित मागे केलं, हनुवटी वर घेतली, मास्क पुन्हा बसवला, बोटांनी जबडा धरला. दाबलं. रबराची छाती उठली.

"श्वास. दोन. तीन."

पुढच्या खोलीतल्या कूलरमधलं पाणी संपलं होतं. नुसता पंखा खडखडत होता आणि गरम वारा फेकत होता. कोणी उठलं नाही. माझा अंगठा गोळ्यावर होता. किती वेळ झाला मला सांगता येणार नाही. शिकवताना मी एवढं कधीच लांबवत नाही, बायका दमतात. पण मला दाबवेना. फार लवकर दाबला तर ती दया झाली असती, आणि वैशालीनं तीच नको म्हटली होती. दाबलाच नाही तर त्या टेबलावर दुसऱ्यांदा तेच घडलं असतं. इतकी वर्षं हा गोळा मुठीत धरून बायकांना पास-नापास केलं, पण त्या दिवशी मला त्याची भीती वाटली.

वैशालीचा आवाज चिरकला. "श्वास... दो..." आणि बंद झाला. तिनं ओठ गच्च मिटले. आता सगळं थांबणार असं वाटलं.

पिशवी थांबली नाही.

"श्वास," रजनी म्हणाली. "दोन. तीन. श्वास. दोन. तीन." मास्क आता घसरत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते नाकाच्या शेंड्यावरून बाहुलीवर पडत होतं, आणि ती मोजत होती. वैशाली बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी दाबला.

बाहुलीचं रडणं म्हणजे रबराची चिरकी. एरवी बायका त्याला हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. बाहुली रडल्यावरही रजनीनं आणखी दोन श्वास दिले, आणि मगच मास्क उचलला.

परत

बायका निघाल्यावर मी वैशालीबरोबर कडुलिंबापर्यंत गेले. ऊन कलत आलं होतं, तरी जमीन चपलेतून चटके देत होती.

"काल दुपारी आत तू होतीस," मी म्हटलं. "कुलूप होतं."

"कपाटाच्या आड मागचं दार आहे ना. नीट लागतच नाही ते. माह्या लेकराले त्याच दारानं नेलं." ती अगदी सहज बोलत होती. "सगळ्याईसमोर जमलं नसतं मले. म्हनून दुपारी जात होती."

"आणि तीट?"

"एवढ्या बाया हात लावून राहिल्या होत्या त्याले," ती जरा ओशाळून हसली. "नजर लागते."

कुंदाबाई मागून आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तर मला वेडीच ठरवलं होतं, मागं कोण आहे म्हणून! त्या म्हणाल्या, "मॅडम, मी सांगतलं असतं तर तुमी नाव विचारलं असतं. मंग म्हनलं असतं, ही नर्स नाही, आशा नाही, बाहेर जा. सिस्टरनंही पह्यल्याच दिवशी ओळखलं होतं तिले. पन तिले उठवाची हिंमत कोनाची?"

कुंदाबाई पुढे गेल्या. मी वैशालीला विचारलं, "पोळ्याच्या सुमाराला होईल ना? इथंच येणार?"

तिनं उपकेंद्राकडे पाहिलं. खिडकीतून रजनी दिसत होती. ती टेबल पुसत होती.

"नाही," वैशाली म्हणाली. "भंडाऱ्याले जाईन. आधीच जाऊन राहीन बहिणीकडे. घरच्याईनं ठरवलं आहे, मीही ठरवलं आहे."

"मग हे एवढं, तीन दिवस उन्हात..."

"आमच्या गल्लीत आखीन दोघी पोटुशा आहेत. त्याईले बहीण नाही भंडाऱ्याले. गाडी नाही आली तर त्या इथंच येतीन." तिनं दुपट्टा पुन्हा गुंडाळायला सुरुवात केली. पहिला फेरा कपाळावरून, दुसरा हनुवटीखालून. "सिस्टरले सांगू नका, मॅडम. त्याईले वाटू द्या का मी येनार म्हनून. तरच रोज हात चालवतीन."

तिचे फक्त डोळे उरले. मग ती शेताच्या बांधावरून निघाली. उन्हात ती पांढरी आकृती कितीतरी वेळ दिसत राहिली, लहान होत गेली, पण नाहीशी काही होईना.

जीपमध्ये रजनी पहिल्यांदाच भरभरून बोलत होती. कपाटामागचं दार दुरुस्त करून घेणार, क्वार्टरमध्ये परत राहायला येणार, आईलाही आणणार. मध्येच थांबून तिनं विचारलं, "मॅडम, वैशाली काय म्हणाली? येईल ना?"

"सराव सोडू नका म्हणाली," मी म्हटलं.

चिपळूणला येऊन मला आता तीन महिने झाले. परवा रजनीचा फोन आला होता. वैशालीच्या गल्लीतली एक जण अवेळी आली, गाडीला उशीर झाला, बाळ तिथंच झालं. रडायला वेळ लावला त्यानं. फार नाही, थोडाच. "चार-पाच श्वास द्यावे लागले, मॅडम. मुलगी आहे. लय जोरात रडली." हे सांगताना ती हसत होती की रडत होती, फोनवर कळलं नाही.

मग म्हणाली, "आता वैशालीची तारीख जवळ आली. मी सुट्टी टाकली नाही. तिच्यासाठी खोली तयार ठेवली आहे."

मी "बरं" म्हटलं. भंडाऱ्याचं नाव मी काढलं नाही, पण फोनही ठेवला नाही. तीही फोन ठेवत नव्हती.